पहिल्या रांगेतलं घोरणं

प्रिय मामा,

माझ्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तू पहिल्या रांगेत बसून चक्क घोरलास. तेही नायकाच्या त्या लांबलचक भाषणात, जे लिहिताना मी स्वतः रडले होते! वर म्हणालास, "फारच छान गं, डोळ्यांत पाणी आलं." जांभईचं असणार.

मी आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नाही. मग तुझं घोरणं खोटं पाडायला ते भाषण घरात मोठ्याने वाचलं, तर अर्ध्यात मलाच जांभई आली. अख्खं काढून टाकलं. आता नायक मुकाट्याने खिडकी लावतो, आणि तो नट माझ्यावर रुसलाय.

काल दुसऱ्या प्रयोगात नायिका बॅग उचलून निघाली आणि तुझा आवाज आला, "अगं, थांब की जरा!" प्रेक्षक आधी हसले, मग चिडीचूप. मी विंगेत उड्या मारत होते.

हे पत्र मात्र तुला पाठवणार नाही. माझी सगळी भिस्त तुझ्या घोरण्यावर आहे हे कळलं, तर पुढच्या नाटकाला तू माझ्यासाठी डोळे ताणून जागा राहशील. मग मला खरं कोण सांगणार?

तुझी नाटकवाली भाची