नेमलेली प्रौढ व्यक्ती

४ एप्रिल
सुट्ट्या लागण्याआधी राज्यातली सगळी अम्यूझमेंट पार्क आणि वॉटर पार्क तपासून व्हायला हवीत. यंदा निम्मी माझ्याकडे. बोल्ट, वेल्डिंग, ब्रेक, सेफ्टी लॉक. यंत्र पास झालं की शेवटी माणूस बसवून एक फेरी. नियमात लिहिलंय, ‘निरीक्षक किंवा निरीक्षकाने नेमलेली प्रौढ व्यक्ती’. त्यातला ‘किंवा’ फार विचारपूर्वक घातलेला आहे. आजवर माझा असिस्टंट बसायचा. त्याची बदली झाली.

मी बसत नाही, ते तांत्रिक कारणाने. आत बसलेल्या माणसाला यंत्र बाहेरून दिसत नाही.

५ एप्रिल
आईला फोन केला. पलीकडे ती कुणाला तरी म्हणाली, तू आता गप्प बस बरं. कोण आलंय, विचारलं. म्हणाली, मिक्सर. बाबा गेल्यापासून घरात ती एकटीच. मध्ये बरेच दिवस माझा फोन झाला नव्हता. कामात होते. काम म्हणजे एक मालिका होती, पण ती अर्धवट सोडता आली नसती.

फार वाईट वाटलं. ठरवलं: या दौऱ्यावर आईला बरोबर न्यायचं. तिला हवापालट, लेकीचा सहवास. फेरीचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही.

६ एप्रिल
आई म्हणाली, मी तिथे येऊन काय करू? म्हटलं, मजा. ती म्हणाली, या वयात? म्हटलं, वयाची अट फक्त लहानांना आहे. मग तिने विचारलं, मी आले तर तुला बरं पडेल का? म्हटलं, माझं काय, मी तुझ्यासाठीच म्हणते आहे. म्हणाली, येते.

११ एप्रिल
पहिलं पार्क. मोठा आकाशपाळणा. मी बेअरिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं तपासलं. पास. ऑपरेटरने विचारलं, फेरीला मॅडम बसणार? म्हटलं, नाही, आमच्या नेमलेल्या आल्या आहेत. आईने पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि आत जाऊन बसली. वर जाताना तिने हात हलवला नाही. दांडा दोन्ही हातांनी धरला होता. शिस्तीची आहे.

खाली आल्यावर म्हणाली, छान होतं गं, सगळं गाव दिसलं. वरून नदी कशी दिसते, विचारलं. म्हणाली, दिसते की, नदीसारखी. पार्कच्या आसपास नदी नाही, हे मला परतताना कळलं. कालवा असेल.

आई किती दिवसांनी मोकळी झाली! दौऱ्याची कल्पना उत्तम. थोडी टोचणी लागली आहे, पण ती बहुधा दुपारी कॅन्टीनमध्ये खाल्लं त्याची.

१३ एप्रिल
वॉटर पार्क. वळणावळणाची बंद नळी, आत पूर्ण अंधार, शेवटी थेट पाण्यात. आईला भाड्याचा पोहण्याचा ड्रेस घ्यावा लागला. काउंटरवरच्या बाईला तिने विचारलं, अहो, हे अंगात घालायचं की याच्यात भाजी भरायची? बाई म्हणाल्या, मावशी, आत गेलात की सगळ्यांचं ध्यान सारखंच दिसतं.

लाइफगार्ड मुलगी मला म्हणाली, मॅडम, तुम्ही पण जा ना, फार भारी आहे. म्हटलं, माझ्याजवळ नाजूक उपकरणं आहेत. हातात पेन्सिल होती.

आई नळीतून उलटी बाहेर आली, पाय आधी यायला हवे होते तिथे डोकं. नाकात पाणी. लाइफगार्ड मुलीने तिला धरून काठावर आणलं. आई खोकत खोकत म्हणाली, पास आहे, पास आहे, लिहून टाक. मी लिहून टाकलं. ‘प्रवाशाची स्थिती बदलू शकते, वरच्या टोकाला कर्मचारी हवा’ अशी सूचनाही केली. महत्त्वाची सूचना आहे. मी बसले असते तर सुचली नसती.

लॉजवर येईपर्यंत ती शिंकत होती. तिला नवा टॉवेल घेतला. चांगल्यातला.

१४ एप्रिल
आई अजून शिंकते आहे. टॉवेलबद्दल दोनदा आभार मानले. त्याने जास्तच वाईट वाटलं. निश्चय: पुढच्या पार्कात मी स्वतः बसणार. सुरुवात लहान मुलांच्या आगगाडीपासून, मग टप्प्याटप्प्याने वर. कुठलंही तंत्र असंच शिकतात.

१७ एप्रिल
आगगाडीला कमाल उंचीची मर्यादा निघाली. मी त्यात बसत नाही. नियमापुढे कोणाचं काय चालतं?

मग झुलणारं जहाज होतं, पण ते माझ्या टप्प्यात अजून येत नाही. आई बसली. उतरल्यावर कठड्याला धरून तिने बराच वेळ एका कुंडीकडे पाहिलं. झाड कसलं आहे, मी विचारलं. म्हणाली, जरा थांब, झाड एक झालं की सांगते.

तिच्या पर्समध्ये रुमाल शोधताना उलटीच्या गोळ्यांची पट्टी सापडली. अर्धी संपलेली. म्हणजे तिला ऑफिसची जीप लागते. बिचारी बोलली नाही. ड्रायव्हरकाकांना सांगितलं, हळू चालवा. ते म्हणाले, मॅडम, याहून हळू म्हणजे उतरून ढकलावी लागेल.

२० एप्रिल
आई लॉजच्या बाल्कनीत मावशीशी फोनवर बोलत होती. मी ऐकत नव्हते. दार दीड इंच उघडं होतं.

म्हणाली, अगं, मला कसली हौस! पोटातलं सगळं घशात येतं. पण करते काय? पोरगी घाबरते. तिसरीत होती तेव्हा जत्रेतल्या चक्रीवरून उतरली, तर चार दिवस घरचा जिना बसून उतरायची. आणि नोकरी शोधली ती बघ कसली! कुणापाशी बोलायची नाही, मरेल पण बोलायची नाही. आता तिच्या हाताखालचा माणूस गेला बदलीवर. मी नाही बसले तर हिने काय साहेबाला सांगायचं? मी आपली डोळे मिटते आणि पाढे म्हणते. परवा जहाजात सतराच्या पाढ्यात अडकले, तर बाई, संपेचना ते.

मग मावशी काहीतरी म्हणाली असावी, कारण आई म्हणाली, छे छे, तिला नको कळू देऊस. तिला वाटतंय मला मजा येते. वाटू दे. त्या निमित्ताने घेऊन आली ना मला.

मी आत येऊन टाचा न वाजवता पलंगावर बसले.

चक्री नव्हती, ते गोल फिरणारे घोडे होते. बाकी तपशील बरोबर आहेत.

मला वाटत होतं, मी तिला सोबत देते आहे. आता हे पुरे. परवा शेवटचं पार्क, सगळ्यांत उंच रोलर कोस्टर. मी बसणार. एकटी. ‘किंवा’ रद्द.

२२ एप्रिल
सकाळी आईला म्हटलं, आज तू बसायचं नाहीस. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, बरं.

कोस्टर पास. मी पुढच्या सीटवर बसले. दांडा खाली आला, लॉक झाला. ऑपरेटर बटण दाबणार तेवढ्यात मी हात वर केला. सांगितलं, बेल्टवर धूळ आहे. त्याने पुसली. पुन्हा दांडा, पुन्हा हात. ऊन डोळ्यांवर येतं. त्याने स्वतःची टोपी दिली. तिसऱ्यांदा त्याने कारण विचारलंच नाही, दांडा उघडला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. चांगला माणूस आहे. त्यानेच वाईट वाटलं.

आई कठड्याच्या आत आली होती. पर्स ड्रायव्हरकाकांकडे. मी म्हटलं, मला कळलंय. ती म्हणाली, काय कळलंय? म्हटलं, पाढ्यांचं. ती म्हणाली, मग सरक तिकडे.

बसलो. तिने माझा हात धरला की मी तिचा, याची नोंद नाही. पहिल्या चढापर्यंत मला सगळं आठवतं. पुढे मी ओरडत होते. एकच शब्द. ती शेजारीच होती, तरी तिलाच हाक मारत होते.

उतरल्यावर निरीक्षणं लिहायची होती: उतारावर लॉक घट्ट राहिलं का, ट्रॅकचा आवाज बदलला का, धक्का कुठे बसला? मला काहीच सांगता येईना. आईला विचारलं. म्हणाली, एकोणिसाच्या पाढ्यापर्यंत सगळं ठीक होतं, पुढे तुझ्या बोंबलण्यात यंत्राचं काही ऐकूच आलं नाही. शिवाय डोळे मिटलेले. तिचे. माझेही.

म्हणजे फेरी ग्राह्य नाही. नियमाप्रमाणे पुन्हा घ्यावी लागेल. आईला म्हटलं, उद्या सकाळी मी एकटी घेईन, डोळे उघडे ठेवून. आता भीती गेली. खरंच गेली. आई म्हणाली, हो हो.

२३ एप्रिल, सकाळ
अंग तापलंय असं वाटतं. थर्मामीटर लावला. नॉर्मल. थर्मामीटर तपासून घ्यायला हवा.

आई दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधते आहे. तिला थांबवायचं आहे. अजून एकच बूट झालाय.

आता दुसरा.