पाळीवरचा वाद

बा, यंदा आपल्या तलावाची पाळ पुन्हा खचली. तिथंच, तुडुमाच्या डाव्या अंगाला, जिथून पाणी धानाच्या बांध्यांकडे सोडतात. आपण दोघं भर उन्हात भांडलो होतो ती जागा. माझ्या शाळेला सुट्टी लागली म्हणून मी गोंदियाजवळच्या गोरेगावाहून गावी गेले होते, आणि चार माणसांबरोबर मीही मातीचा टोपला उचलला. तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलून राहिले आहे. ते काही थांबेना, म्हणून आज लिहायला बसले. मी अजून तुला अरे-तुरेच करते, रागावू नकोस. नागपूरला शिकायला गेले तेव्हा बरोबरच्या मुली आपल्या वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणायच्या आणि माझं ‘बा, तू’ ऐकून तोंडावर पदर धरून हसायच्या. मीही एकदा अहो म्हणून बघितलं. तुझ्याऐवजी कोणी तहसीलदार डोळ्यांसमोर आला. सोडून दिलं.

तुला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, बा. सरकारवर, शाळांवर, दारूवर, हुंड्यावर, नागपूरच्या वकिलांवर, चरख्यावर, मोहाच्या झाडावर कर असावा की नसावा यावर. गोंदियाला तांदूळ विकायला गेलास की स्टेशनातल्या बाबूकडून वाचून झालेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मागून आणायचास. धोतराच्या पदरात बांधून, जणू पोरांसाठी जिलेबी आणली आहे. तुला अक्षरं येत होती, पण ती तुला एकेक करून भेटायची. म्हणून वाचायचं काम माझं. मी चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचायची, माय भाकरी थापायची आणि तू खाटेवर बसून मध्येच हात वर करायचास, “थांब. हे बरोबर नाई.” बातमी आपल्याकडे यायची तोवर शिळी झालेली असायची. जो कायदा होऊ नये म्हणून तू घसा कोरडा करायचास, तो कधीचा होऊनही गेलेला असायचा. मी तसं म्हटलं की म्हणायचास, “झाला तं झाला. मत कायले बदलू?” मायला हसू आवरायचं नाही. तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं, आणि तुझ्या मतांवर अजिबात नव्हतं.

आणि मतं सांगायची तुझी जागा म्हणजे पाळ. आपल्या लोकांनी तलाव बांधले, गावंच्या गावं त्या पाण्यावर जगवली, आणि दरवर्षी पाऊस लागायच्या आधी घरटी माणूस जाऊन पाळीवर माती टाकायचा हा रिवाज. त्यात गावानं एक नियम धरला होता. पाळीवर चर्चा वाटेल ती करावी, पण ज्याला बोलायचं आहे त्यानं आधी टोपला भरून वर आणावा, मातीत ओतावा, आणि मगच तोंड उघडावं. पुन्हा बोलायचं असेल तर पुन्हा टोपला. नुसतं सावलीत बसून शहाणपण सांगणाऱ्याला तिथं कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. हा नियम तुझ्या आज्यानं घातला असं तू सांगायचास. दुसरे लोक आपापल्या आज्याचं नाव घ्यायचे. बायाही माती वाहायच्या, पण पाळीच्या अर्ध्या चढावापर्यंतच. तिथं पुरुष उभे असायचे, ते बाईच्या डोक्यावरून टोपला घ्यायचे, वर नेऊन ओतायचे आणि रिकामा परत द्यायचे. त्यामुळे बाईचा टोपला कधी पाळीवर पडायचाच नाही, आणि तिनं बोलायचा प्रश्नही यायचा नाही. ही गोष्ट कोणी मुद्दाम केली होती असं मला वाटत नाही. तशी ती होती, एवढंच.

सगळीच मतं तुझी चांगली होती असं नाही हां, बा. साऱ्या गावाची पोरं शाळेत आली पाहिजेत असं तू पाळीवर ठणकावून सांगितलंस, महारांची, गोंडांची, सगळ्यांची. मी घरी विचारलं, “मंग ती बसतीन कोठं? आमच्या पट्टीवर?” तर तुला खोकला आला. चांगला लांबलचक खोकला. आता माझ्या शाळेत सगळ्या पोरी एकाच पट्टीवर बसतात, आणि कोणाची माय कुरकुरत आली की मी तिलाही त्याच पट्टीवर बसवून चहा देते. तुला हे पटलं असतं की नाही, सांगवत नाही. पण शाळेबद्दलचं तुझं एक म्हणणं मी अजून उराशी धरून आहे. तू म्हणायचास, ऐन धानाच्या रोवणीत शाळा भरते आणि पोरं उन्हाळ्यात रिकामी हिंडतात, ही सुट्टी ज्यानं ठरवली त्यानं कधी चिखलात पाय घातला नसणार. मी शाळा तपासणाऱ्या साहेबाला तसा अर्ज केला होता. साहेब हसले. तेव्हापासून रोवणीच्या दिवसांत निम्म्या पोरी गैरहजर असल्या तरी माझी नजर जरा अधू होते.

आता त्या दिवसाकडे येते. टाळत होते थोडी. माझं लग्न तुम्ही लहानपणी लावलं होतं आणि सासरी नांदायला जायच्या आधीच तो मुलगा तापानं गेला. त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही, त्याच्या डोक्यावरचा पिवळा फेटा तेवढा आठवतो. आपल्यात विधवेनं दुसरं घर करायला कधीच बंदी नव्हती, आणि हा तुझा मोठा अभिमानाचा विषय. वर्तमानपत्रात विधवाविवाहावर रकाने भरून यायचे, सुधारक आणि शास्त्री एकमेकांची उणीदुणी काढायचे, आणि तू मांडीवर थाप मारून म्हणायचास, “पाह्य! हे मोठमोठे लोक आता भांडून राहिले, अना आपन पिढ्यान्‌पिढ्या करून राहिलो!” मग केशोरी गावाचं स्थळ आलं. बायको गेलेला, भला माणूस, तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या बांध्या, घरात कोणाचा जाच नाही. तू होकार दिलास, आणि संध्याकाळी मला सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा असा फुलला होता की मी चुलीतली लाकडं सारत बसले. मला नागपूरला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. शाळेतल्या गुरुजींनी सगळी माहिती आणून दिली होती, नाव पाठवायला दिवसही फार उरले नव्हते. मायला सांगितलं, तर ती म्हणाली, “मी काय सांगू? तुझ्या बापाले मत आहे ना.” घरात मी बोलू लागले की तू ‘बरं बरं’ म्हणून बाहेर जायचास. ज्या माणसाला विलायतेच्या राजकारणावरही बोलायला वेळ होता, त्याला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. फार राग आला होता मला तुझा.

म्हणून त्या सकाळी पाळीवर मी चढावाच्या मध्यात थांबलेच नाही. पुरुषानं हात पुढे केला, मी त्याला वळसा घालून वर गेले. डोक्यावरचा टोपला स्वतः उतरवला, तुडुमाजवळच्या खचलेल्या जागी ओतला, आणि पदर खोचून उभी राहिले. पावड्यांचे आवाज एकेक करून बंद पडले. तू आपल्या इकडच्या प्रतापगडाच्या डोंगराकडे बघत राहिलास, जणू तिथून कोणी येणार आहे. शेवटी पाणी वाटणारा म्हातारा पाणकर म्हणाला, “काऊन चूप झाले सारे? टोपला पडला ना तिचा? मंग बोलू द्या.”

मी म्हटलं, “बा, मले पुन्हा लगन नाई करायचं. मले नागपूरले शिकाले जायचं आहे.”

तू खाली गेलास. मला वाटलं, गेला, आता घरी जाईल आणि महिनाभर बोलणार नाही. तू टोपला भरलास, वर आणलास, धाडकन ओतलास. “साऱ्या मुलुखाच्या विधवांसाठी म्या घसा फोडला,” तू म्हणालास, “अना माह्याच घरची पोरगी म्हनते, मले नाई पायजे! लोक हासतीन मले.” मी खाली गेले, टोपला आणला. “पेपरात काय लिहून होतं? बाईले इचारून लगन करा. म्याच वाचून दाखवलं होतं तुले. तू मले इचारलं काय?” तू पुन्हा खाली. मी पुन्हा खाली. अरे बापा, काय ते दृश्य! बाप एका बाजूनं चढतो आहे, लेक दुसऱ्या बाजूनं उतरते आहे, दोघांच्या अंगाला माती, दोघांचे चेहरे लाल, आणि सगळं गाव काम टाकून बघतं आहे. कोणीतरी ओरडलं, “चालू द्या, चालू द्या, पाळ भरून राहिली!” तेव्हा तर मायसुद्धा हसली. तुला धाप लागली होती. मी तुझ्या टोपल्यातली अर्धी माती माझ्या टोपल्यात घ्यायला गेले, तर तू हात झटकलास. म्हणालास, दुसऱ्यानं उचललेल्या मातीवर आपलं बोलता येत नसते.

मग तू वर आलास आणि तुझा आवाज एकदम उतरला. “शिकशीन. मास्तरीन होशीन. मंग? शाळा सुटली का पोट्ट्या आपापल्या घरी जातीन. तू कोनाच्या घरी जाशीन? एकट्या बाईची सांज मोठी असते, बाई. दिवा लावाले दोन मानसं पायजेत घरात.” खरं सांगू? तेव्हा मला रडू फुटलं होतं. तू लोक हसतील म्हणून भांडत होतास असं मी धरून चालले होते, आणि तुझ्या पोटात होती ती माझी सांज. तरी मी खाली गेले, टोपला भरला, वर येऊन ओतला आणि म्हटलं, “माह्या सांजीचं मी पाहून घेईन.”

यावर तू टोपला उचलला नाहीस. पाळीवर खाली बसलास, फेट्यानं तोंड पुसलंस, आणि खचलेल्या जागेकडे बघितलंस. ती जागा भरली होती. म्हणालास, “माहं मत बदललं नाई.” मी मान हलवली. “पर माती पडली ते पडली. आता कोनी उचलून खाली नेत नाई. जाय.”

केशोरीला तू स्वतः गेलास आणि दिलेला शब्द परत घेऊन आलास. तिथं काय बोलणं झालं, काय ऐकून घ्यावं लागलं, ते तू कधीच सांगितलं नाहीस. एवढं एकच असेल ज्यावर तू मत दिलं नाहीस. मला पोचवायला निघालास तो बैल जुंपलेल्या खाचरात अर्जुनीच्या स्टेशनापर्यंत भांडत भांडत, मग अरुंद रुळांच्या लहान गाडीत भांडत भांडत, आणि गोंदियाला मोठ्या गाडीची वाट बघताना तो वर्तमानपत्रवाला बाबू भेटला. त्यानं विचारलं, “भाऊसाब, बिटिया कहाँ जा रही है?” तू छाती पुढे काढून म्हणालास, “पढने जा रही. मेरे को पसंद नहीं, मगर जा रही.” बाबूला काही कळेना. तू त्या दिवशी त्याच्याकडून वर्तमानपत्रं मागून घेतली ती मला दिलीस, गाडीत वाचायला. सुट्टीत घरी येशील तेव्हा मत सांग, म्हणालास. त्यानंतर थोड्याच वर्षांत तू गेलास, आणि आपले किती वाद अर्ध्यावर राहिले! आता इंग्रज जाणार हे ठरलं आहे, बा. वर्तमानपत्र त्याच दिवशी येतं. मी वाचते, एखाद्या ओळीवर हात वर करते, आणि समोर खाट रिकामी असते.

या खेपेला पाळीवर बघितलं, तर बाया सरळ वरपर्यंत चढत होत्या. मध्ये कोणी पुरुष उभा नव्हता. आपापला टोपला ओतायच्या, आणि बोलायच्या किती! रॉकेलवर, जावयावर, नव्या सरकारवर. एका तरण्या सुनेला मी विचारलं, हे असं केव्हापासून? ती म्हणाली, “कायले? असंच तं असते, बाई.” माझा टोपला मीही वर नेला, तुडुमाच्या डाव्या अंगाला ओतला. सगळ्या जणी थांबल्या, मास्तरीणबाई काय बोलतात म्हणून. मला बोलायचं होतं, पण ते ऐकणारा तिथं नव्हता. मी रिकामा टोपला घेऊन खाली आले.

माती पडली आणि बोलायचं राहिलं, ते इथं लिहिते. शिकले ते चांगलं केलं. पुन्हा विचारलंस तर पुन्हा तेच सांगेन, वाटेल तितके टोपले वाहीन. पण सांजेबद्दल तुझं म्हणणं खरं होतं, बा. रोज नाही, कधीमधी. पोरी घरी जातात, मी दिवा लावायला घेते, आणि काच पुसून झाली तरी उगीच पुसत बसते. हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. तुझ्या हाती लागलं असतं तर तू ते पाळीवर नेलं असतंस, कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतलं असतंस, आणि अख्ख्या गावाला म्हणाला असतास, “पाहा, मी सांगून राहिलो होतो!”