होडीत मीही होतो

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (डावा गुडघा दुखतो असं कळलं, म्हणून डावीकडे जरा जपून ठेवतो.) तेल लावतेस का, की बाटली कपाटात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? काकांचा खोकला कसा आहे? फोनच करणार होतो, पण फोन काका उचलतात आणि त्यांचे सल्ले संपेपर्यंत मला काय सांगायचं होतं ते मी विसरून जातो. आमच्याकडे सगळं ठीक. सौ. बरी आहे. धाकटी परीक्षेचा अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करते. मीही बरा आहे. किती बरा आहे, हे सांगायलाच हे लांबण लावतो आहे.

आमचा कारखाना कुलपांचा, हे तुला माहीत आहे. लोक किल्ली हरवतात आणि आम्हाला लिहितात की तुमचं कुलूप वाईट आहे. त्यांना उत्तर देणं हे माझं काम. आपल्या अडचणीबद्दल वाईट वाटते, कृपया खिसे पुन्हा एकदा तपासावेत, असं मी लिहितो आणि खाली साहेब सही करतात. हल्ली कुलपं खपेनाशी झाली आहेत. (लोकांचा चोरांवर विश्वास बसायला लागला असावा.) तेव्हा कचेरीतली माणसं कमी करायची असं मालकांनी ठरवलं. कोणती, ते साहेबांवर सोडलं. साहेब भिडस्त. त्यांना घरात शिरलेली मांजरही हाकलता येत नाही, तीन वर्षं ती त्यांच्याकडेच आहे. म्हणून त्यांनी बाहेरून एक प्रशिक्षक बोलावला.

त्याला आम्ही कप्तान म्हणतो. आल्या आल्या त्याने सभेच्या खोलीतल्या खुर्च्या होडीच्या आकारात मांडल्या आणि जहाज बुडाल्याचं जाहीर केलं. आपण तेवढे उरलो आहोत. पाणी थोडं आहे, होडी लहान आहे, तेव्हा दर फेरीला मतं घेऊन एकाला समुद्रात टाकायचं. आपण का उरावं हे ज्याने त्याने सांगायचं. हा नुसता खेळ आहे, असं तो म्हणाला. साहेब दाराशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसत होती की हा नुसता खेळ नाही हे आम्हाला तिथेच कळलं.

मी घाबरलो असं तुला वाटेल. नाही. या विषयात माझा अभ्यास आहे. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून मी जगबुडीच्या कादंबऱ्या आणतो. (सौ.ला वाटतं चरित्रं आणतो. कव्हर चरित्राचं घालतो.) पूर येतो, रोग येतो, आकाशातून दगड येतो, माणूसजात नाहीशी होते आणि शेवटी टेकडीवर चारदोन जण उरतात. इतकी वाचून झाल्यावर कोण मरणार हे मला सुरुवातीलाच कळतं. मुलांचा फोटो काढून दाखवणारा मरतो. एवढं एक काम झालं की सगळं सोडून गावी जाणार, असं म्हणणारा मरतो. मी जरा बाहेर बघून येतो, असं म्हणणारा तर चपला घालेपर्यंतसुद्धा टिकत नाही. लेखकाला माणूस मारायचा असला की तो आधी त्याला वाचकाच्या जवळ आणतो. तेव्हा जवळ यायचंच नाही, हा माझा निष्कर्ष. धाकटीचं मत नेमकं उलट आहे. ती मोबाइलवर तसलेच खेळ खेळते. "बाबा, ज्याला नाव नसतं ना, तो पहिल्या झटक्यात जातो," ती म्हणाली. "त्याला मारल्याचे गुणसुद्धा मिळत नाहीत." खेळ वेगळे, साहित्य वेगळं, असं मी तिला समजावलं होतं. तेव्हा त्या निष्कर्षाप्रमाणे मी होडीच्या मागच्या टोकाला जाऊन गप्प बसलो.

माझाच अभ्यास खरा ठरला. सगळ्यात आधी रोखपाल बाई गेल्या, एकमताने. दौऱ्याचं बिल त्यांनी पहिल्या खेपेत पास केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. "जाते," पर्स उचलत त्या म्हणाल्या, "पण तुमची बिलं माझ्या खणात आहेत. तीही बुडाली समजा." लगेच फेरमतदानाची मागणी झाली. समुद्रात फेरमतदान नसतं, असं कप्तानाने सांगितलं. मग विक्रीवाला उठला. (त्याला वाघ म्हणतात. म्हणजे तो स्वतःच म्हणवून घेतो.) त्याने पाकिटातून जुळ्या मुलींचा फोटो काढला. मी मनात म्हटलं, संपला. त्याच फेरीत संपला. गोदामातला दादा भाबडा. मला पोहता येतं, मी होडी ओढीन, म्हणाला. पोहता येतं त्याला पाण्यात टाकायला हरकत कसली, असा विचार सगळ्यांनी एकाच वेळी केला.

होडीत मावतील तेवढे उरल्यावर टाळ्या झाल्या, उरलेल्यांना एकेक शिट्टी बक्षीस मिळाली आणि सगळे चहाला गेले. मी बसून राहिलो. मला कुणी टाकलं नव्हतं आणि ठेवलंही नव्हतं. मी होडीत आहे हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. कप्तान खुर्च्या आवरायला लागला, तेव्हा मला बघून म्हणाला, "बरं झालं आलात. जरा ते टोक धरा." मी धरलं.

पुढच्या आठवड्यात समुद्रात पडलेल्यांना नोकरी संपल्याचे कागद मिळाले. हा योगायोग आहे असं साहेबांनी कळवलं आणि ते स्वतः त्या दिवशी दांडी मारून घरी बसले. शिट्टीवाल्यांनाही सुख नाही, दोघांचं काम आता एकेकाच्या गळ्यात आहे. मी तेवढा दोन्हींत नाही. इतकं हलकं मला लग्न ठरण्याआधी कधीतरी वाटलं असेल.

परवा रोखपाल बाईंना निरोप दिला. भाषणं झाली. मग बाई उठल्या आणि एकेकासमोर उभ्या राहून हिशेब चुकता करू लागल्या. वाघाला म्हणाल्या, "वाघ खरे तुम्ही, पण शिकारीला टॅक्सीने जाणारे." दादाला म्हणाल्या, "अरे, येत असलं तरी सांगायचं नसतं रे." साहेबांसमोर जरा थांबल्या. "तुम्ही फार चांगले. वाईट असतात तर निदान तोंडावर सांगितलं असतंत." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्यासमोर आल्या. मी तयार होतो. आमची टेबलं समोरासमोर आहेत, कित्येक वर्षं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीही," त्या म्हणाल्या, "तब्येतीला जपा." आणि पुढे गेल्या. (तब्येतीला जपा हे आपण लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला सांगतो.)

घरी येऊन सौ.ला सांगितलं. "अपमान केला नाही म्हणून रुसलेला माणूस पहिल्यांदा बघते आहे," ती म्हणाली. मी रुसलेलो नाही. तुला नुसतं कळवलं.

काकांना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा भाचा
(तिघांतला मधला, चष्मेवाला)

ता. क. आमच्या कारखान्याच्या मालकीणबाई तुझ्याकडे शिवण शिकायला येतात, त्यांच्या कानावर भाच्याच्या नोकरीची गोष्ट घालू का, असं तू विचारलं होतंस. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच आहे. घालू नकोस. चांगलंही बोलू नकोस. भाचे किती असं त्यांनी विचारलं तर दोन सांग. माझं नाव एकदा निघालं की मालक साहेबांना विचारतील, साहेब शोधतील, आणि सापडलो की कागद माझ्याही हातात.

आणखी ता. क. पाकीट परत उघडलं आहे. (डाग डिंकाचा.) आज सकाळी दोन हमाल पाणी गार करायचं नवं यंत्र घेऊन आले आणि माझ्या टेबलाशी थांबले. इथे कुणी बसत नाही असं आम्हाला सांगितलंय, असं त्यांतला एक मला म्हणाला. मला! मी कागद गोळा केले, टेबलाची एक बाजू उचलली आणि आम्ही ते गोदामात नेलं. जागा वाईट नाही. खिडकी आहे, वारा येतो. तिथे बसून निवृत्तीपर्यंत पगार घेतला असता तरी कुणी हटकलं नसतं. थोडा वेळ बसलो. मग बसवेना. परत वर गेलो. सगळे यंत्राभोवती गार पाणी पीत उभे होते. मी म्हटलं, इथे मी बसतो. कुणी वळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. (जरा म्हणजे, खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.) साहेबांनी पेला खाली ठेवला. "तुम्ही आपल्याकडे आहात?" मी हो म्हटलं. "अरे बापरे," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "मग तुमचंही बघावं लागणार." सोमवारी केबिनमध्ये बोलावलं आहे.

तेव्हा वरचा ता. क. रद्द. पत्र मिळताच मालकीणबाईंना गाठ. भाचे तीन आहेत असं सांग. मधल्याचं नाव सावकाश, दोनदा सांग आणि त्यांच्याकडून म्हणवून घे. थोरल्याचं सांगू नकोस, मला त्याच्या नावाने हाक मारायची तुला सवय आहे. माझं अगदीच आठवलं नाही तर सौ.ला फोन कर. तिला ठाऊक आहे.