दोन बोटांची पाटी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
रविवार, दुपार

प्रिय यायर,

सकाळपासून कानात एकच आवाज घुमतोय. टिंग. टाइपरायटरच्या घंटीचा. तुला आठवत असेल तो आपल्या घरातल्या जुन्या मशीनचा. माझ्या कानातला त्याच्याही आधीचा आहे, जुन्या पनवेलात भाजीबाजारामागच्या माडीवर टायपिंगचा क्लास होता तिथला. मी पाटबंधारे खात्यात नवा कारकून, परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होणार नव्हती, म्हणून रोज संध्याकाळी तिथे जायचो. शिकवायला तुझी आई. शोशाना मिस. वयाने माझ्याहून लहान, पण आवाज हेडमास्तरणीचा. मला ती घंटी ऐकली की चौथीचा वर्ग आठवायचा. सगळी पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि चरण संपला की गुरुजी टेबलावर छडी टेकवायचे. त्यामुळे घंटी वाजली रे वाजली की मी कॅरेज ओढून नव्या ओळीवर मोकळा. अर्धा शब्द या ओळीत, अर्धा पुढच्या. तुझी आई मागे येऊन उभी राहायची. "मिस्टर आपटेकर, गाडी सुटतेय का तुमची? घंटी वाजली म्हणजे ओळ संपली नाही. शब्द पुरा करायला जागा असते." साऱ्या क्लाससमोर! पोरी खिदळायच्या. आणि तरी मी दुसऱ्या दिवशी तेच करायचो. खोटं कशाला बोलू, नंतर नंतर मुद्दाम करायचो, ती मागे येऊन उभी राहावी म्हणून.

फोन सोडून हे पत्र का, असं तुला वाटेल. फोन आईच्या पलंगाशीच असतो आणि ती सगळं ऐकते. शिवाय व्हिडिओवर आपण सगळे एकदम बोलतो, तू, सूनबाई लियोरा, मुलं, मी, आणि जिच्यासाठी बोलतो ती नुसती बघत असते. म्हणून लिहितोय. मराठी वाचायची सवय सुटली असेल तर सावकाश वाच, पण लियोराला वाचून दाखवण्याआधी एकदा एकटा वाच.

मार्चमध्ये झटका आला तेव्हापासून आईची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, हे तुला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते सांगतो. त्या दिवशी व्हिडिओवर तू विचारलंस, "आई, डिसेंबरमध्ये न्यायला येतो, येणार ना इकडे इस्रायलला, अश्दोदला?" तिने मान हलवली. लियोराने टाळ्या वाजवल्या, तू डोळे पुसलेस आणि दुसऱ्या दिवसापासून या घराला गिऱ्हाईक बघायला लागलास. अरे, ती सगळ्यालाच मान हलवते. चहा हवा? हो. चहा नको? हो. एकदा मी गमतीने विचारलं, "तुझं नाव कृष्णाबाई का गं?" त्यालाही हो. कृष्णाबाई म्हणजे दिवसभर आईपाशी असते ती, आपटा गावची, आईला आक्का म्हणते. पदर तोंडाला लावून हसली. "मंग मी आता आक्का झाले म्हना. काका, मला चा आना, गोड जास्त." तुझी आईही हसली. मला मात्र पुढे हसवेना. तुझ्या प्रश्नाला दिलेला तो होकारही असाच नसेल कशावरून? चारुता म्हणते, आत शब्द शाबूत आहेत, वाचलेलं त्यांना कळतं, पण बोलताना आणि मान हलवताना वाट चुकते. चारुता म्हणजे वाचेचे व्यायाम घ्यायला येते ती मुलगी, मोठी गोड आणि तितकीच कडक.

तिनेच तू दिलेल्या लॅपटॉपवर चित्रांचा एक तक्ता घालून दिला. पाणी, औषध, पंखा, डॉक्टर, तुझा फोटो, माझा फोटो, आपली बिल्डिंग, विमान. चित्र निवडलं की आधी टिंग वाजतं, मग एक बाई तो शब्द उच्चारते. एकापुढे एक चित्रं निवडून पुरं वाक्यसुद्धा करता येतं. पण निवडायचं कशाने? डावा हात आहे, पण थरथरतो. माउस हातातून पळतो, परवा थेट पलंगाखाली गेला. लॅपटॉपवरची बोट फिरवायची चौकट इवलीशी, तिथवर हात नेताना मनगट सगळ्या बटणांवर टेकतं. तेव्हा चारुता म्हणाली, "काका, बाहेरून जोडायचा ट्रॅकपॅड आणा. काकूंच्या डाव्या हाताशी गादीवर राहील असा." मी नावही धड ऐकलं नव्हतं. धनेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, त्याने खोक्यातून काढून हातात ठेवला आणि मला हसूच आलं. ही तर पाटी! पेन्सिल नाही, चौकट नाही, पण तीच गुळगुळीत सपाट पाटी, ओल्या बोटाने पुसावी अशी.

आता ऐक तुझ्या बापाचा पराक्रम. ही पाटी निवडायला मी कित्येक आठवडे लावले. एक आणली, तिच्या खाली दोन बटणं होती. आईच्या बोटांना ती दाबवेनात. परत केली. दुसरी नाजूक, नुसतं बोट टेकलं तरी निवड व्हायची, आणि आईचं बोट तर थरथरतंच. पाणी-पंखा-डॉक्टर-पाणी-पाणी-विमान, ती बाई दम न घेता बडबडत सुटली. आईने रागाने पाटी ढकलून दिली. तीही परत. तिसरी काचेची, ऐसपैस, वायर नसलेली. ती मी दुकानात नुसती हाताळून आलो. मग परत गेलो, परत हाताळली. काळी घ्यावी की पांढरी. निसटली तर फुटेल का. धनेश बिचारा सोशिक, पण तोही शेवटी म्हणाला, "काका, एवढ्या वेळात लोक मुलगी बघून बारसंसुद्धा उरकतात. की दुकानात एक खुर्ची टाकू तुमच्यासाठी?" मी म्हटलं, टाक. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

निवड शेवटी आईनेच केली म्हणायची. चारुता आणि मी तिला धरून बाहेरच्या खोलीतून आत आणत होतो. दाराशी आई थांबली. उजवा हात निर्जीव, म्हणून डावा आडवा नेऊन तिने चौकटीवरच्या मेझुझाला दोन बोटं टेकवली आणि ओठांना लावली. चारुताने विचारलं, "काका, हे काय केलं काकूंनी?" मी सांगितलं, त्या डबीत आमच्या धर्मग्रंथातल्या ओळींचा चर्मपत्राचा तुकडा असतो, आत-बाहेर करताना बोटं टेकवायची, लहानपणापासूनची सवय. चारुता म्हणाली, "ते नाही हो. बोटं बघितलीत? थरथरली नाहीत." खरंच की. एक बोट थरथरतं. दोन जोडून, टेकवायची म्हणून टेकवली की स्थिर. मग काय, तिने मला त्याच पावली धनेशकडे पिटाळलं. दोन बोटं ओळखणारी ती काचेचीच होती. काळी आणली. चारुताने त्यात अशी सोय केली की एका बोटाने फक्त बाण हलेल, निवड होणार नाही. दोन बोटं एकत्र टेकली तरच टिंग. आईने पहिल्यांदा पाणी निवडलं. मग माझा फोटो. मग पंखा. म्हणजे मी पंखा लावावा! कित्येक महिन्यांनी मला हुकूम सुटला. मी धावत जाऊन लावला, आणि बटणापाशी उभा राहून रडलो.

हे शुक्रवारी. जाताना चारुता म्हणाली, "आता काकूंना मोठा प्रश्न विचारा. आणि घाई करू नका." मी म्हटलं, उद्या शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार, उद्या नको. अरे, मी कधी शब्बाथ एवढा पाळला होता? शनिवारीसुद्धा क्रिकेट लावून बसणारा माणूस मी. पण काल दिवसभर लॅपटॉपला हात लावला नाही, आणि संध्याकाळी आकाशात तारे दिसून शब्बाथ संपला तरी काहीतरी कारण काढून झोपलो. तेव्हा माझं मलाच उमगलं. दुकानातल्या त्या फेऱ्या, काळी की पांढरी, सगळं त्यासाठीच. मला भीती होती ती पाटी चुकीची निघण्याची नाही. ती बरोबर निघण्याची.

मला अश्दोदला यायचं नाही, यायर. हे मी तुला कधी तोंडाने सांगितलं नाही. मला वाटायचं, आई नाही म्हणेल आणि मी तिच्या नाहीमागे लपेन. इथे सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, मी नसलो तर दहा भरत नाहीत, हे एक कारण मी पुढे करतो. ते खोटं नाही. पण खरं कारण ऐकशील तर हसशील. इथे सकाळी तळ्याकाठी फिरताना एखादी शाळेतली कविता ओठावर येते, मध्येच ओळ हरवते, आणि बाकावरचा कोणीतरी अनोळखी म्हातारा पुढची ओळ म्हणतो. घरी ते काम तुझ्या आईचं. मी स्वयंपाकघराच्या दारात अडलो की ती कढईवरून मान न उचलता पुढची ओळ टाकायची, फोडणीत मोहरी टाकावी तशी. मार्चपासून ते थांबलं. आता या वयात, जिथे कोणालाच पुढची ओळ येत नाही अशा गावी जायचं, हे मला जमायचं नाही.

आज सकाळी विचारलं. मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरलं : "तुला काय हवं? इथे राहायचं की यायरकडे जायचं?" तिने वाचलं. परत वाचलं. एका बोटाने बाण सरकवत बिल्डिंगच्या चित्रापाशी आणला, आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथे ती थांबली. मग बाण पुढे गेला. तुझ्या फोटोवर दोन बोटं. टिंग. विमानावर दोन बोटं. टिंग. ती बाई निर्विकारपणे म्हणाली, "यायर. विमान." मी म्हटलं, "बरं, बरं, कळलं गं," आणि लॅपटॉप मिटला. तिची बोटं पाटीवरच होती. मी तो उचलून इथे आतल्या खोलीत आणला आणि तुला लिहायला बसलो.

म्हणून हे पत्र. तिचा होकार खरा आहे, मी डोळ्यांनी पाहिला. घराचं गिऱ्हाईक तूर्त थांबव आणि तिकीट एकच काढ, तिचं. तिथे चांगले डॉक्टर आहेत, तू आहेस, नातवंडं आहेत. पाटी सोबत देतो, दोन बोटांचं तुम्हाला शिकवून ठेवतो. तिने मान हलवली तर विश्वास ठेवू नका, पाटीवर विचारा. मी इथे राहीन. कृष्णाबाई चहा देईल, गोड जास्त. माझ्यावर रागावू नकोस, आणि हे सगळं तिला मी सांगेन, तू सांगू नकोस.

पुढची ओळ न आठवणारा,
तुझाच
पप्पा

ता. क. सही करून पेन ठेवलं आणि बाहेर काठीचा आवाज आला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. रविवारी कृष्णाबाई येत नाही, आणि झटक्यापासून धरल्याशिवाय आई एक पाऊल चाललेली नाही, म्हणून वाटलं शेजारचं कोणी आलं असेल. मान वर केली तर दारात तुझी आई. एकटी. घामाघूम. चार पायांची काठी तिथेच उभी सोडून तिने डावा हात आडवा नेला, चौकटीला दोन बोटं टेकवली, ओठांना लावली. लुळ्या उजव्या हाताच्या काखेत ती काळी पाटी खोचलीय, शाळेला निघालेल्या पोरीसारखी. आधी माझ्याकडे बघितलं, हेडमास्तरणीसारखं. आता टेबलावरच्या मिटलेल्या लॅपटॉपकडे बघतेय. यायर, वरचं तिकिटाचं अजून धरू नकोस. मी घंटीलाच उठलो होतो, तिची ओळ पुरी व्हायच्या आत. तिला खुर्ची देतो आणि लॅपटॉप उघडतो.