कमालमामूंचा जपानी धडा

दोहा, ३ ऑक्टोबर २०२२

चि. माहिरा हिस,
मामूच्या अनेक दुआ. वि. वि. मी खुशाल आहे. तुझ्या अम्मीच्या गुडघ्यांची खबर कळव.

अकरा वर्षं इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात खोकी उचलतोय, पाठ आता ऐकत नाही. वर्ल्डकपसाठी आमचे मालक इब्राहीमभाई बाजाराच्या गल्लीत शालींचं दुकान मांडतायत. जपानी पाहुण्यांशी जो बोलेल तो दुकानात बसेल, असं ते म्हणाले आणि मी जपानी येतं म्हणून हात वर केला. तू पुण्यात जपानीच्या क्लासला जातेस, त्याच जिवावर!

तेव्हा बाजारात चालतील अशी तीन वाक्यं मराठी अक्षरांत लिहून, सध्या सुट्टीवर तिकडे आलेल्या आमच्या मुदस्सिरबरोबर धाड. दुकानात मोबाइल चालत नाही, म्हणून कागदच हवा. अर्थ लिहू नकोस, डोक्यात गोंधळ होतो. अर्थाचं मी हातवाऱ्यांनी बघून घेईन. जमलं नाही तर पुन्हा गोदाम आहेच.

तुझ्या मायेवर विसंबलेला,
कमालमामू


पुणे, १२ ऑक्टोबर २०२२

आदरणीय मामूंना,
माहिराचा सलाम. वि. वि. अम्मीचे गुडघे बरे आहेत, पण तुम्ही खोटं बोललात म्हणून ती चिडली आहे.

माझी परीक्षा जवळ आली आहे, म्हणून आमच्या ‘बाजारहाट’ या धड्यातलीच वाक्यं उतरवते. कोरे वा इकुरा देसु का. चोत्तो ताकाई देसु ने. यासुकु शिते कुदासाई. रोज पन्नास वेळा म्हणा. शेवटच्या वाक्याला किंचित वाकायचं, सर म्हणतात.

लाड असेच चालू ठेवा.
आपली,
माहिरा


पुणे, १४ नोव्हेंबर २०२२

आदरणीय मामूंना,
सलाम. वि. वि. तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे कुरिअरने धाडतेय. मामू, तोंड उघडू नका! आज तो धडा पुन्हा वाचला. ती सगळी वाक्यं गिऱ्हाइकाची आहेत. हे केवढ्याला, जरा महाग आहे, कमी करा ना, असा त्यांचा अर्थ होतो. दुकानदाराची वाक्यं पुढच्या धड्यात आहेत, ती सोबत जोडली आहेत. तुमची जागा गेली तर मी स्वतःला माफ करणार नाही. खूप रडले.

रागावलात तरी आपलंच म्हणा.
तुमची वेंधळी,
माहिरा


दोहा, १८ नोव्हेंबर २०२२

चि. माहिरा हिस,
अनेक दुआ. वि. वि. तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. तोंड सकाळीच उघडून झालं होतं.

जपानी म्हातारा-म्हातारी दुकानाशी थांबले. मी निळी शाल पसरून पहिलं वाक्य म्हटलं. बाई शालीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. दुसरं म्हटलं तशी त्यांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, उच्चार आवडले. मग मी वाकून तिसरं सोडलं. नवरा इंग्रजीत समजावू लागला, की मी माझ्याच शालीचा भाव विचारतोय, वर ती महाग म्हणतोय आणि कमी करा म्हणून गयावया करतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंची मात्र गावाकडे चाळीस वर्षं भाजीची गाडी होती म्हणे. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने कसं जाऊ द्यायचं? त्या सरळ आत आल्या, माझ्या स्टुलावर बसल्या आणि मलाच माझी शाल दाखवू लागल्या. मी नको म्हणालो की दुसरी काढायच्या. नाटक बघायला ही गर्दी जमली, आणि गर्दीतल्यांनी नऊ शाली नेल्या. निळी त्यांच्या नवऱ्याने घेतली.

शेवटी बाईंनी मान झुकवून काही विचारलं. नवऱ्याने सांगितलं, आणखी काय दाखवू, असं त्या विचारतायत. माहिरा, अकरा वर्षांत मला काय हवंय हे इथे कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, की हीच जागा हवी, कायमची.

इब्राहीमभाई मागेच उभे होते, ते मला माहीत नव्हतं. त्यांनी बाईंना सांगितलं, की ही जागा तेवढी यांना देऊन टाका, भाव करू नका.

तुझा, दुकानात बसलेला,
कमालमामू