पोलंडच्या बाईला दिलेली दाद

७ ऑक्टो. ९६, सोम.
...आणि वर दादाच विचारतो, दोनशे डॉलर पाठवायला एवढं जड का जातंय! घराला स्लॅब त्याला पाहिजे, त्यानंच टाकावा ना. आबांना फोन दे म्हटलं, तर म्हणे गायन पार्टीबरोबर गेलेत. मी इकडं अमेरिकेत आल्यापासून आबा फोनवर येत नाहीत. पार्टीची ढोलकी मी वाजवायचो, आता कोण वाजवतं, विचारायचं राहिलंच. दोनशे कबूल केले. येते दोन्ही रविवार कामाला गेलो तरच जमतील. एका रविवारचे साठ.

१०, गुरु.
मालकाचं नाव झ्बिगनेव्ह. आम्ही रंगारी त्याला जिबू म्हणतो. शनिवारी त्याच्या घरी त्याच्याच पोलंडची गाणारी बाई येणार, हालिना. माईक नाही, नुसती गिटार. खुर्च्या मीच मांडायच्या. म्हणाला, "तूपण ये. आंघोळ करून ये."

१२, शनि.
केला घोळ. चाळीस माणसं, सगळी कोट घालून ताठ. बाई साठीची, आवाज जरा फाटका, पण काय गाते! शब्द एक कळत नाही. मधेच एक सूर असा ओढला की आबाच आठवले, आणि तोंडातून निघून गेलं, "व्वा! क्या बात है!" हातही उडाला. चाळीस माना वळल्या. एक म्हातारी श्श् करायला लागली. जिबू लालेलाल. म्हटलं, गेली नोकरी.
गाणं संपल्यावर बाईनं विचारलं, "याला कुठं दुखतंय का?"
मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे दाद तिथल्या तिथं देतात, गाणं गरम असताना. शेवटी टाळ्या म्हणजे गार चहा.
बाई हसली, हसली... "तीस वर्षं गाते. यांना आवडतंय का झोप लागलीय, मला शेवटपर्यंत कळत नाही!"
पुढच्या गाण्याला ती श्श्वाली म्हातारीच पहिली ओरडली, "व्वा!" मग सगळेच. भलत्या जागी, पण जोरात.

१३, रवि.
कामावर. रूमवरच्या मिलिंदला सांगितलं. नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. "अरे यार, तिथं गप बसायचं असतं! इज्जत घालवली आपली."
त्याची कधी होती.

१६, बुध.
बाईचा जिबूला फोन. येत्या रविवारी पलीकडच्या चर्चच्या तळघरात गाणार. त्या दिवशी मी खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला होता, तो तिनं पाहिला. जिबूनं सांगून टाकलं, जेवणाच्या सुट्टीत हा रंगाच्या रिकाम्या बादल्या बडवतो. "मग बादली घेऊन येऊ दे!"
पैसे? जिबू म्हणाला, "सूप मिळेल." आणि त्या दिवसाचा रोज? "कामावर नाही, तर रोज नाही."

१७, गुरु.
दादाला फोन. "अमेरिकेत जाऊन बादली बडवणार? लोकांना काय सांगू?" मागून आबांचा आवाज, काय म्हणतोय तो? दादानं सांगितलं. मग लांबूनच,
"ठेका कुठला धरणार, विचार त्याला."
सांगेपर्यंत फोनचं कार्ड संपलं.

१९, शनि.
पाच बादल्या वाजवून बघितल्या. पांढऱ्या रंगाची चांगली बोलते. घासून ठेवली. मिलिंद येणार म्हणतो, "फक्त सूपसाठी."
चुकलो तर सगळ्यांसमोर...
दादा चिडणार. चिडू दे. सकाळी बँकेत जाऊन ड्राफ्ट काढला. दोनशेतून उद्याचे साठ वजा, एकशे चाळीस डॉलर.