दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

जिजी,

परवा मी विमानात उपाशी बसले होते आणि त्याला कारण तू. हो, तूच. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्या लेकीच्या केसांत आता तुझ्याइतकंच पांढरं आलंय, तरी तुझं शिकवलेलं काही अंगातून जात नाही. खरं तर हे सगळं तुला आपल्या बोलीत सांगायला हवं, पण लिहायला बसलं की हाताला शाळेतलीच मराठी सुचते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, "कशी सायबीनगत बोलस वं!" म्हणाली असतीस. हस. मला चालतं.

आधी विमानाचं सांगते, नाहीतर तू मध्येच विचारशील की ही तिथे पोचलीच कशी. नंदुरबारला एका मसाला कंपनीचं मिरची खरेदीचं केंद्र आहे, तिथे मी माल तपासायला आहे. तू वाळवणाच्या ज्या पथारीवर उन्हात बसून मिरच्यांचे देठ खुडायचीस ना, तशाच पथाऱ्यांवरचा माल अजून येतो. रान लाल करून टाकणाऱ्या त्या वाळत्या मिरच्या, आणि त्यांच्या कडेला तोंडाला फडकं बांधून जमिनीवर बसलेल्या बायका. काही म्हणता काही बदललेलं नाही. आता कंपनी तिथे मोठी शेड बांधतेय. वर छप्पर, पंखे, बसायला बाकडी, प्यायला पाणी. त्या शेडचा कारभार कुणाकडे द्यायचा, एवढं ठरायचं होतं. दिल्लीच्या साहेबांनी मला बोलावलं, सकाळी या आणि संध्याकाळी परत जा. आमचे मॅनेजर म्हणाले, "ताई, साहेब तुम्हालाच विचारणार आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर बाहेरून माणूस आणतील." आणि बाहेरचा माणूस आला की काय होईल ते मला दिसत होतं. छपराखाली आधी पोती जातील आणि बायका राहतील उन्हातच. जिजी, मला ते काम हवं होतं. लाज कसली त्यात? मनापासून हवं होतं.

मागच्या, साध्या भागात जागा उरली नव्हती म्हणून कंपनीने माझं तिकीट पुढच्या महागड्या भागातलं काढलं. बिझनेस क्लास म्हणतात त्याला. आदल्या दिवशीच मी सुरतेला, उधन्यात धाकट्याकडे मुक्कामाला गेले. तुझा धाकटा तिथे आता चांगला स्थिरावलाय, पोट सुटलंय त्याचं. सकाळी वहिनीने दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी म्हटलं, अगं तिथे नाश्ता देतात. ती म्हणाली, असू द्या, पिशवीला काही जड नाही. धाकट्याने स्कूटरवरून सोडलं आणि विमानतळाच्या दारात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "ताई, तठे खिडकी उघडस नही बरं! आन उतरानं शे म्हनीसन घंटीनी दोरी वढू नको!" मेला लहानपणापासून असाच. माझ्या पुढचा कोटवाला माणूससुद्धा हसला.

आत गेले तर काय सांगू! मध्ये पडदा. पडद्यामागे सगळी गर्दी आणि पडद्यापुढे आम्ही मोजके. लग्नात व्याह्यांची पंगत वेगळी बसवतात ना, तसं. खुर्ची एवढी रुंद की मांडी घालून बसावं. घातलीच मी, चपला काढून. एक पोरगी गरम, ओला रुमाल घेऊन आली. बाकीच्यांनी हात पुसले, मी तोंड, मान, हात सगळंच पुसून घेतलं. छान वाटलं गं. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं. विमान वर गेलं, तापी एकदा चमकली आणि ढगांखाली गेली. थोड्या वेळाने तीच पोरगी माझ्या खुर्चीपाशी वाकली आणि गोड आवाजात विचारलं, मॅम, नाश्त्यात काय घेणार?

आणि मी म्हटलं, "नको नको, राहू द्या."

आता तो नको काही नको नव्हता, तुला कळतंय ना? तो आपला नेहमीचा नको होता. हसत म्हटलेला, मान थोडी वाकडी केलेला. पण ती पोरगी म्हणाली, "शुअर, मॅम," आणि गेली. गेलीच! मी वाट बघतेय. आता येईल, आता म्हणेल, अहो असं कसं, थोडं तरी घ्या. शेजारी चमचे वाजतायत, उपम्याचा वास येतोय, पलीकडे कुणीतरी उत्तप्पा मोडतोय. माझ्या पोटाने असा आवाज काढला की मी खोकल्यासारखं केलं. तेवढ्यात ती परत आली. मला वाटलं, आली बाई एकदाची! तिने विचारलं, पांघरूण देऊ का. मी त्यालाही नको म्हटलं.

तेव्हा मला तो आखाजीचा सण आठवला. लोणखेड्याच्या पाटलीणबाईंकडे तू पुरणपोळ्या करायला गेली होतीस आणि मी तुझ्या पदराला धरून. तू चुलीपाशी, हातावर पोळी मोठी मोठी करत खापरावर टाकतेयस, कोपरापर्यंत पीठ. आमरसाचं पातेलं माझ्या नाकासमोर. पाटलीणबाईंनी विचारलं, "रस लेशी का वं?" आणि मी वाटी पुढे करून म्हटलं, "हा, दे!" तू तशाच पिठाच्या बोटांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की रस पिताना डोळ्यांत पाणी होतं. घरी येताना सगळ्या रस्त्यात बोलणी. "एक डाव ईचारं आन लगेच हात पुढे कया? लोके काय म्हनतीन, हिना घरमा काही भेटत नही? पहिले नको म्हनानं. त्या आग्रह करतीन. मंग लेवानं." मी विचारलं, "आन त्यासनी आग्रह कयाच नही तं?" तू थांबलीस. असलं काही असतं हे तुझ्या मनातच कधी आलेलं नव्हतं. म्हणालीस, "कशा नही करतीन? मानसं शेत नं त्या!"

शेवटी मी पिशवीतल्या दशम्या काढल्या. शेजारी एक म्हातारे सुरती शेठ होते. त्यांचा नाश्ता झाला होता, पण दशमीकडे बघत होते. मी म्हटलं, घ्या. ते म्हणाले, नहीं नहीं, बेन. मी म्हटलं, घ्या हो, घरची आहे. ते म्हणाले, अरे पेट भर गया. मी सरळ त्यांच्या रुमालावर ठेवली, वर चटणी. मग काय, चाटूनपुसून खाल्ली आणि दुसरीही घेतली. खाऊन झाल्यावर हसत म्हणाले, "बेन, तुम को नाश्ता चाहिए था ना? यहाँ दूसरी बार कोई नहीं पूछता." गंमत म्हणून बोलले ते. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण मी जात होते ती जागाही तशीच होती. साहेब एकदाच विचारणार होते, आणि माझ्या तोंडात नको तयारच बसलेला होता.

तुला वाटत असेल मी विसरले. विसरले नाही. शहाद्याच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीणबाई आजारी पडल्या म्हणून तू त्यांच्या जागी काही दिवस जात होतीस. किती खूश होतीस तेव्हा! सावलीत काम, खोकला कमी झालेला, हाताची आग होत नाही म्हणून रात्री ताकात हात बुडवायला नको. मला जवळ घेऊन डोळ्यांत काजळसुद्धा घालायचीस तेव्हा, एरवी मिरचीच्या हाताने तुला ते करता यायचं नाही. एक दिवस वॉर्डनबाई स्वयंपाकघरात आल्या. नगरकडच्या होत्या. म्हणाल्या, "बाई, त्या काही आता परत येत नाहीत. तुम्ही कायमच्या राहता का?" मी पिठाच्या डब्याशी उभी होते. तुझा चेहरा असा उजळला, मी पाहिला. आणि तू पदर सारखा करत म्हणालीस, "नही बाई, माले कोठे जमस!" त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी तू ते हिरवं लुगडं नेसलीस, ठेवणीतलं. लवकर गेलीस. त्यांच्या खोलीच्या दारासमोरून उगाच दोनदा पाणी नेलंस. त्यापुढेही आठवडाभर तू रोज तशीच नीटनेटकी जात राहिलीस. आणि एके सकाळी आपण गेलो तर चुलीपाशी दुसरीच बाई चपात्या लाटत होती. त्या वॉर्डनबाई काही वाईट नव्हत्या गं. त्यांच्याकडे नको म्हणजे नको, एवढंच. घरी येताना तू कुणाला शिव्या दिल्या नाहीस, माझ्यावर चिडली नाहीस. फक्त एकदा म्हणालीस, "परत ईचारं नही त्यासनी." मग पुन्हा पथारी, पुन्हा फडकं, पुन्हा तो खोकला, आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

दिल्लीचं ऑफिस मोठं होतं, काचेचं आणि नको इतकं गार. साहेब बोलायला मऊ होते. शेजारी एक मॅडम लिहून घेत होत्या. यंदा मिरचीला रंग कसा आहे, ओलावा किती राहतो, असं विचारता विचारता साहेब एकदम म्हणाले, "तो शेड आप संभालेंगी?"

जिजी, मी पूर्ण तयारीने बसले होते. विमानतळापासून सगळी वाट मनात 'हो, हो' घोकत आले होते. तरी माझी मान वाकडी झाली, पदराकडे हात गेला आणि तोंडातून तुझा नको निघाला. खरंच निघाला! "न" बाहेर पडला. साहेबांनी "कोई बात नहीं" म्हणावं तशी मान हलवायला घेतली, मॅडमनी पान उलटलं. मला ते हिरवं लुगडं दिसलं. अर्ध्या तोंडातला शब्द आता मागे घेता येईना, म्हणून मी तो दुसरीकडेच वळवला. "न... नक्की!" इतक्या जोरात म्हटलं की चहा घेऊन आलेल्या मावशी दारातच थांबल्या. साहेब म्हणाले, "नक्की मतलब?" मी म्हटलं, "पक्का. मतलब पक्का, साहब." ते हसले, म्हणाले, बस, तो हो गया. मी लगेच पुढचंही बोलून घेतलं, की छपराखाली आधी बायका बसतील, पोती नंतर. ते म्हणाले, जैसा आप ठीक समझें. झालं. एवढंच. चहा निवायच्या आत झालं सगळं. इतकं सोपं असतं का गं? बाहेर येऊन मी जिन्यात उभी राहिले आणि मला रडू आलं. रागही आला. तुझ्यावर नाही, तुझ्यासाठी.

संध्याकाळच्या विमानात परत तीच पुढची खुर्ची. यावेळी पोरगी वाकायच्या आत मी "यस" म्हटलं. जेवण? यस. पांघरूण? यस. मिठाई खाऊन झाल्यावर मीच विचारलं, अजून एक आहे का? होती. तू शेजारी असतीस तर मांडी काळीनिळी केली असतीस माझी. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, मांडी घालून, मी सुरतेपर्यंत सुखात आले. धाकटा घ्यायला आला होता. ऐकून त्याने रस्त्यातच स्कूटर थांबवली आणि माझ्या पाया पडला, येड्यासारखा.

काल सकाळी पथारीवर गेले. बायकांनी देठ खुडायचं थांबवलं. "दिल्लीले काय व्हयनं वं?" मी सांगितलं. एकच गलका झाला. कुणी टाळी दिली, कुणी म्हणाली पंखा मन्हा डोकावर पाहिजे, कुणी लाल हातांनीच गालावरून बोटं मोडायला आली आणि दुसरीने तिला वेळेत मागे ओढलं. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, तू असतीस तर आता तिच्याच वयाची असतीस, फडकं तोंडावरून खाली करून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आन तू लगेच हा म्हननी?" मी म्हटलं, "नही वं माय! मी तं नकोच म्हनत व्हतू. भलता आग्रह कया त्यासनी, मंग काय करू?" तिने समाधानाने मान हलवली. "मंग बरं," म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही आणि कुठे टाकणारही नाही, म्हणून तुला खरं सांगते. आग्रह कुणी केला नाही, जिजी. त्यांनी एकदाच विचारलं.